दात जायच्या आधी

सोनूबाईने आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं, सुनेकडे तर नाहीच. म्हणून मंगळवारी दुपारी, हार्दिकला झोळीत घालून संगीता जरा पाठ टेकते न टेकते तोच सासू उंबऱ्यात येऊन बसली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली, तेव्हा संगीताला वाटलं, भांडी राहिली असतील घासायची.

"त्या तुझ्या मोबाइलात फोटो येतो ना," सोनूबाई म्हणाली, "माझा एक काढ. हसतानाचा."

संगीता उठूनच बसली.

"शुक्रवारी पुढचे दोन दात काढणार. डॉक्टर म्हणतो, हलतात ते ठेवून उपयोग नाय. दोनदा तारीख दिली, दोनदा मी गेली नाय. आता हिरडी सुजली, आता जावंच लागेल."

"नवे बसवतील की आई. आता छान बसवतात."

"नवे बसवतील. आयचे नाय बसवणार."

मग मीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात सोनूबाईने सांगितलं. तिची आय तलासरीकडच्या झाईची, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या किनाऱ्यावरची. बाजारात गुजराती बोलायची, घरात मराठी, आणि हसायची दोन्हीकडे सारखीच. पुढचे दोन दात असेच जरा बाहेर आलेले, मध्ये भाताचं शीत जाईल एवढी फट. सोनूबाई चौदा वर्षांची असताना ती गेली. फोटो एकही नाही. तेव्हा झाईला फोटो कोण काढणार?

"कपाळ नि डोळे माझ्या बापाचे आहेत," सोनूबाई म्हणाली. "पण सकाळी तोंड धुताना आरशात कधी चुकून हसली ना, की खालच्या अंगाला आय येते. एवढीशी येते नि जाते. शुक्रवारनंतर नाय यायची."

एवढं बोलून ती उठली आणि खरोखरच भांडी घासायला गेली.

आता धाकट्या डहाणूत संगीताच्या मोबाइलची कीर्ती होती. मागच्या वर्षी मिथुनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हौसेने आणून दिलेला. त्यात हार्दिकचे चारशे फोटो होते आणि त्यातले निम्मे खरोखर चांगले होते. झोपलेला हार्दिक, चिडलेला हार्दिक, सुकटीत बसून सुकट खाणारा हार्दिक. एवढं साधलं, तर सासूचा एक फोटो म्हणजे काय मोठंसं काम, असं तिला वाटलं. तिथंच ती फसली.

सोनूबाईने आधी लिंबाने घासघासून हात धुतले. मग दिवाळीची साडी नेसली, गळ्यात सोन्याची माळ घातली, अंबाड्यावर वेणी माळली आणि भर दुपारी अंगणात सूर्याकडे तोंड करून उभी राहिली. फोटो म्हटला की तोंडावर ऊन हवं, हे किनाऱ्यावर सगळ्यांनाच माहीत. सासरा गणू जाळं शिवत होता, तो सुई थांबवून बघायला लागला. शेजारची भिकी, जी सोनूबाईबरोबर तीस वर्षं मासळी विकत आली होती, ती कुंपणावर कोपरं टेकून उभी राहिली.

"हसा आई."

सोनूबाईचे डोळे उन्हाने मिटत आले, हात दोन्ही बाजूंना काठ्यांसारखे लागले आणि ओठ घट्ट मिटून नुसते कानांकडे ओढले गेले.

"दात दिसू द्या."

ओठ उघडले.

"अगो, ही हसते का कुणाला चावायला निघाली?" भिकी म्हणाली.

आणि त्यावर सोनूबाईला खरंच हसू आलं. संगीताने घाईघाईने बटण दाबलं. फोटोत पंजा आला. सुंदर, स्वच्छ, लिंबाचा वास येईल असा पंजा, आणि त्याच्या वर दोन मिटलेले डोळे. संगीताने पुन्हा पुन्हा काढला. सोळा फोटोंपैकी नऊमध्ये सोनूबाई पोलीस चौकीत बसल्यासारखी होती आणि सातमध्ये तिच्या तोंडावर हात होता.

"हात का आणता मध्ये?"

"कुठं आणला मी हात?" सोनूबाई म्हणाली. तिला ते माहीतच नव्हतं.

"लग्न होऊन आली तेव्हापासून आणते," गणू जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला. "माझ्या आईने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, सून आधी येते की दात आधी येतात. तेव्हापासून हात वर गेला तो गेलाच."

सोनूबाईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पुन्हा सुई चालवायला लागला.

बुधवारी दोघी स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेल्या. हार्दिक कडेवर. स्टुडिओवाला प्रविण मोठा अदबीचा माणूस. त्याने सोनूबाईला स्टुलावर बसवलं, मागे बर्फाच्या डोंगराचा पडदा सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवून "हलवायचे नाहीत हं मावशी" असं बजावलं आणि हार्दिकला तिच्यासमोर धरून नाचवलं. नातू बघून आजी हसली. हात जागचे हलले नाहीत. संगीताला वाटलं, झालं काम.

अर्ध्या तासाने प्रविणने पाकीट हातात दिलं. सोनूबाईने फोटो काढून डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला.

"ही कोण?"

फोटोतली बाई गोरीपान होती. गालावर एक सुरकुती नाही. आणि ओठांच्या मध्ये पांढऱ्याशुभ्र, सरळ, एका ओळीत बसवलेल्या फरश्यांसारखे दात.

"कॉम्प्युटरवर केलं थोडं," प्रविण लाजत म्हणाला. "दातांचे वेगळे पैसे घेत नाही मी. मावशी आपल्या घरच्यासारख्या आहेत."

त्याचा चेहरा इतका भला होता की सोनूबाईला त्याला बोलवेना. "छान केलंस बाबा," ती म्हणाली. संगीताने आधीचा, न सुधारलेला फोटो मागितला, तर तो त्याने जागा अडते म्हणून पुसूनही टाकला होता.

 रिक्षा समुद्राच्या वळणावर आल्यावर सोनूबाई म्हणाली, "राहू दे गो संगे. नसेल यायचं तिला." आणि हार्दिकच्या डोक्यावरचं टोपडं उगाचच सारखं करत राहिली.

त्या संध्याकाळी हार्दिक अंगावर पीत असताना संगीताने एका हाताने मोबाइल धरून त्याचे चारशेच्या चारशे फोटो पाहिले. चांगले कुठले, वाईट कुठले. उन्हातले सगळे वाईट होते. ओट्यावरच्या सावलीतले, बाहेरचा उजेड समोरून तोंडावर येणारे, ते चांगले. वरून काढलेल्यात तो नुसता डोक्याचा गोळा दिसत होता. तिने जमिनीवर पालथी पडून काढलेल्यात माणूस दिसत होता. फार जवळ जाऊन काढला की नाक मोठं. आणि सगळ्यात चांगले कुठले, तर ज्यात तो कशात तरी गुंतलेला. वाटीत, सुकटीत, स्वतःच्या अंगठ्यात. हार्दिकला कुणी सांगितलं नव्हतं, हात कुठे ठेव म्हणून. त्याचे हात कामात होते.

हात कामात होते. संगीताने मोबाइल खाली ठेवला, बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थापटत तशीच भिकीच्या घरी गेली.

गुरुवारी सकाळी होड्या लागल्या. बोंबलांच्या पाट्या वाळूवर उतरल्या आणि बायका दोऱ्या ताणलेल्या बांबूच्या मांडवांशी जमल्या. कार्तिकातलं कोवळं ऊन, खाली ओली वाळू चकचकीत. बोंबील वाळत घालायची रीत अशी, की दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. सोनूबाईचे हात हे काम बघितल्याशिवाय करत. तोंड मोकळं राही, ते बोलायला.

मांडवाशी प्रत्येकीची जागा ठरलेली. सोनूबाईची जागा उगवतीकडे तोंड करून, सगळं ऊन डोळ्यांत. पण आज भिकी आधीच तिथं उभी होती.

"माझ्या जागेवर काय करतेस?"

"कमरेला वारा लागतो तिथं," भिकी म्हणाली. "आजच्या दिवस तू तिकडे हो. मांडव काय पळून जाणार आहे?"

"तीस वर्षं नाय लागला वारा."

"तीस वर्षं कंबर कुठं होती मला? आता झाली."

सोनूबाई कुरकुरत पलीकडे गेली. आता ऊन तिच्या पाठीशी आलं आणि ओल्या वाळूवरून उठलेला मऊ उजेड तिच्या तोंडावर. संगीताने हार्दिकची झोळी मांडवाच्या खांबाला बांधली, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि चार पावलं मागे सरून वाळूत गुडघ्यावर बसली. मासळीला तिने हात लावला नव्हता. ओल्या बोटांना मोबाइल दाद देत नाही.

ते कमळीच्या लगेच लक्षात आलं. कमळी मांडवाच्या टोकाशी होती. "काय गो सोनूबाय, सुनेला आज मेंदी लावलीय काय?"

"पोर किरकिरतंय," सोनूबाई म्हणाली. घरात काहीही असो, बाहेर ती सुनेची बाजू सोडत नसे. मोबाइल मात्र तिने पाहिला आणि तिचा चेहरा लगेच आवळला. "संगे, नको म्हटलं ना."

"हार्दिकचा काढतेय," संगीता म्हणाली आणि मोबाइल झोळीकडे वळवला.

मग भिकीने तोंड उघडलं.

"परवा काय झालं ऐक. मी चारोटीला जीपमध्ये बसली, कासाच्या बाजाराला जायला. पाटी सीटखाली सरकवली, गपचूप. सुके बोंबील, आपले मागच्या आठवड्याचे. बाजूला एक साहेब. इस्त्रीचा शर्ट, बूट असे, तोंड बघावं त्यात. जीप सुटली नि साहेब नाक वर करून म्हणतो, कसला वास येतोय?"

सोनूबाईचे हात चालूच होते. जोडी, दोरी. जोडी, दोरी.

"मी म्हटलं, साहेब, राग मानू नका, पण तुमच्या बुटांकडून येतोय."

"तू असं म्हटलंस?"

"अदबीने म्हटलं. सगळी जीप त्याच्या बुटांकडे बघायला लागली. बिचारा लाल झाला. हळूच एक बूट काढला नि…" भिकीने पाटीतला एक लांबलचक बोंबील उचलला, शेपटीकडून दोन बोटांत धरला आणि साहेबासारखा तोंडाचा चंबू करून नाकाशी नेला. हुंगला. विचार केला. पुन्हा हुंगला. "म्हणतो, नवीन आहेत हो, तरी कसा काय?"

सोनूबाईचे खांदे हलायला लागले.

"मग कासा येईपर्यंत दोन्ही बूट खिडकीच्या बाहेर धरून बसला. एका हातात एक. असा." भिकीने दोन बोंबील दोन्ही हातांत धरून बाहेर लोंबवले आणि गंभीरपणे समोर बघत, जीपच्या धक्क्यांनी हलत उभी राहिली. "नि उतरताना मला म्हणतो, माफ करा हं बाई."

सोनूबाई हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळीच. सवयीने उजवा हात वर निघाला, अर्ध्यात आला आणि थांबला, कारण त्यात दोन ओले बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकून लोंबत होते आणि डाव्या हातात आणखी दोन. हात तोंडाशी नेणार कसा? तिने मान मागे टाकली, डोळ्यांतून पाणी आलं आणि ती तोंड उघडं टाकून हसत राहिली, किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांसमोर.

झोळीत हार्दिकने भोकाड पसरलं. संगीताने पायाने दोरी ओढली, ओढत राहिली, श्वास धरला आणि अंगठा दाबत गेली. एक, दोन, पाच, अकरा. काही हलले, एकात कमळीचं कोपर आलं.

सातवा बरोबर आला होता.

ती उठली नाही. गुडघ्यावरच सरकत सोनूबाईपाशी गेली आणि मोबाइल तिच्यासमोर धरला. सोनूबाईचं हसू अजून ओसरत होतं. तिने बोंबील दोरीवर टाकले, हात तसेच अधांतरी ठेवून वाकली.

पाठीमागून येणाऱ्या उन्हात केसांची कड उजळली होती. गालावर सुरकुत्या होत्या, जितक्या होत्या तितक्या. आणि खाली ते दोन दात, जरा पुढे आलेले, मधली फट.

 सोनूबाईने आपल्या ओल्या मनगटाने मोबाइलचा वरचा भाग झाकला, कपाळ आणि डोळे झाकले, आणि नुसतं खालचं पाहिलं.

"आय," ती म्हणाली. "अगो भिकी, बघ, आय आली."

भिकी बोंबील टाकून वाकत आली. मग कमळी आली. मग मांडवावरच्या सगळ्याच आल्या आणि झाईच्या त्या बाईला, जिला त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं, प्रत्येकीने नीट पाहून घेतलं. "अगदी हसरी होती गो," कमळी म्हणाली. "तेच तर सांगतेय मघापासून," सोनूबाई म्हणाली, जरी मघापासून तिने काहीच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी ती दवाखान्यात सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. नाव पुकारल्यावर संगीता तिला आधार द्यायला उठली, तर ती स्वतःच आत जाऊन खुर्चीत बसली आणि डॉक्टरने सांगायच्या आधी तोंड उघडलं.

परत येताना रिक्षात सोनूबाईच्या तोंडात कापसाचे बोळे होते, बोलायला मनाई होती, आणि सोबत आलेल्या भिकीला असा मोका तीस वर्षांत मिळाला नव्हता. स्टेशनपासून तिची टकळी चालू होती. साहेबाची गोष्ट रिक्षावाल्याला सांगून झाली. यावेळी साहेबाने मोजेही काढले. सोनूबाईला बरंच काही सुधारून सांगायचं होतं, पण ती नुसती भिकीच्या मांडीवर चापट्या मारू शकत होती. शेवटी तिने संगीताला कोपराने ढोसलं, मोबाइलकडे बोट केलं, मग भिकीकडे.

"मावशीचा काढू?"

सोनूबाईने जोरजोरात होकाराची मान हलवली.

संगीताने मोबाइल वर केला. भिकीने पाहिलं, पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि तोंड गच्च मिटून घेतलं. रिक्षात एकदम शांतता झाली.

सोनूबाई कापसामागून हसायला लागली.