गावदेवीचा दोरा

"मान सरळ. नाक छताकडे. कुणी काही सांगितलं तरी मान वळू द्यायची नाही, ताई."

प्रतीक्षा सिस्टरचा तो आवाज अजून कानात आहे. बोईसरच्या त्या इस्पितळात मी पहिल्यांदा आत गेले, तेव्हा ती हेच बोलली. आधी धीर दिला नाही, आधी मान सांगितली.

माझे यजमान विश्राम नवापूरच्या किनाऱ्यावर होडी वर ओढत होते. दोर तुटला आणि लोखंडी हूक उसळून डोक्याला लागला. आता ते खाटेवर होते, तोंडात श्वासाची नळी, आणि कवटीला बारीक भोक पाडून आत घातलेली आणखी एक नळी. तिने मोजलेला दाबाचा आकडा पडद्यावर दिसायचा.

"कवटी म्हणजे झाकण लावलेला डबा," प्रतीक्षाने समजावलं. "आत मेंदू सुजलाय. त्याला जागा नाही. मानेतून रक्त खाली उतरलं तर तेवढीच जागा होते. म्हणून उशाकडून खाट वर, मान सरळ. आणि आकडा विसाच्या आत हवा."

मोठ्याने बोलायचं नाही, अंगाला उगाच हात लावायचा नाही, रडायचं तर बाहेर. मी पदराखाली बोटांवर देवीचं नाव मोजत बसायची. घरचा देवापुढचा दिवा शेजारणीवर सोपवला होता. तो लागला असेल का, हा एकच विचार मधे मधे यायचा.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या बायडी आयला, हे काही पटत नव्हतं.

"बसवलाय कसा बग, लगनातला नवरा जसा," ती सिस्टरला म्हणाली. "आजारी माणसाला आडवा निजू द्यावा."

"आजी, आडवं केलं तर डोक्यात दाब वाढतो."

"तुजा नवरा ऐकतो का गं तुजं एवडं?"

"लग्न नाही झालं अजून."

"मंग बरोबर. म्हनून एवडी कडक."

प्रतीक्षा हसली. मीही हसले. त्या खोलीतलं ते शेवटचं हसू.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत बसायची पाळी आयची होती. दुपारी मी गेले तर पडद्यावर चोवीस. बघता बघता सत्तावीस झाले. प्रतीक्षाने खाट पाहिली, मान पाहिली, छातीतला कफ ओढला. इंद्रजीत डॉक्टर आले. झोपेचं औषध वाढवलं, सूज ओढून घेणारी सलाईन भराभर सोडली. आकडा जरा हलला आणि पुन्हा वर गेला.

"काहीतरी अडतंय," डॉक्टर म्हणाले.

श्वासाची नळी जागेवर राहावी म्हणून मानेभोवती कापडी पट्टी बांधलेली असते. प्रतीक्षाने ती सैल केली आणि थांबली. पट्टीखाली हळदीत भिजवलेला दोरा होता. चेहरा, मान सगळंच सुजलेलं. दोरा कातडीत रुतला होता.

"हे कुणी बांधलं?"

आय दारातून आत आली. "मी. गावदेवीचा हाय. हात नको लावू."

"कापायला हवा, आजी. आत्ता."

"कापायचा नाय! ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. कापला तर राखन तुटली."

"मग सोडा. लवकर."

आय वाकली. जन्मभर जाळ्यांच्या गाठी सोडवलेली बोटं ती. पण तिने बांधली होती जाळ्याचीच गाठ, ओढ बसली की आणखी आवळणारी. नखं घसरत होती. मोतीबिंदूचे डोळे गाठीला टेकले होते. एकोणतीस.

"सुटंल… सुटंल, जरा थांबा…"

आमच्या घरात देवाचा दोरा झिजून गळला तरी मी तो पायदळी येऊ देत नाही, तुळशीत ठेवते. मी आयच्या खांद्याला धरलं.

"आय, बाजूला व्हा. दोष माझ्यावर. कापलेला दोरा मी स्वतः देवीपुढे नेऊन ठेवीन, सांगेन की मी कापला, तुम्ही नाही."

"सुगंधा, नको गं पोरी…"

प्रतीक्षाने कात्री पुढे केली. मी कापला. गळ्यावर तांबडा वळ उमटला होता.

आकडा उतरला. बावीसपर्यंत. पण संध्याकाळ व्हायच्या आत तो पुन्हा चढला आणि उजव्या डोळ्याची बाहुली पसरली. डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडाच काढून ठेवायचं ठरवलं, मेंदूला जागा मिळावी म्हणून. मी सही केली.

ऑपरेशननंतर सकाळी आकडा चौदा होता. प्रतीक्षाने डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली आकसली नाही.

"दोऱ्यामुळे झालं का हो?" मी डॉक्टरांना हळूच विचारलं.

"दोऱ्याने भर घातली. पण सूज तशीही वाढत होती. फक्त त्याच्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. जगतील कदाचित. उठून तुम्हाला ओळखतील, असं मात्र सांगता येत नाही."

आय बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"कापला म्हनून," ती म्हणाली.

बांधला म्हणून, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. ती त्यांची आई आहे. तिला अजून बरीच वर्षं घरात त्यांच्यासमोर बसायचं आहे.

कागदाच्या पुडीत ठेवलेला कापलेला दोरा मी पदराच्या टोकाला बांधला.

"कुठं निघाली?"

"नवापूरला. देवीकडे."

"आता कशाला? तिनं काय दिलं आपल्याला?"

"मी बोलले होते ना, आय."

ती उठली, आतल्या दारापाशी गेली आणि प्रतीक्षाला विचारू लागली, "सिस्टर, मान सरळ हाय ना गं त्याची? मी बसते. हात नाय लावनार."

मी पायातल्या चपला काढून बाकाखाली सरकवल्या आणि जिना उतरले. नाक्यावर नवापूरची रिक्षा भरत होती. त्यात न बसता मी रस्त्याच्या कडेने चालू लागले.