हिरवंगार

आमच्या बाबांनी आयुष्यभर बादल्या नापास केल्या. आनंदनगरच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या कारखान्यात ते तपासणीला होते. बादलीच्या अंगावर फिकट पट्टा दिसला की रंग नीट मिसळला नाही, माल रिजेक्ट. घरीही तोच खाक्या. पोळीवर करपट ठिपका, रिजेक्ट. मला सांगून आलेली चांगली चांगली स्थळं, रिजेक्ट. स्वतःची चूक मात्र या माणसाने जन्मात कधी कबूल केली नाही. आई म्हणायची, "मी कशी पास झाले देव जाणे."

बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं तळमजल्याचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे ऊन येत नाही. वरच्या गॅलऱ्यांमुळे पाऊसही जेमतेम पोचतो, आणि जो मुरतो तो भिंतीपलीकडचं जांभळाचं झाड पिऊन टाकतं. आईने तिथे तुळस लावली, मोगरा लावला, अळू लावलं. सगळ्यांनी माना टाकल्या. मग उल्हासनगरच्या तिच्या सिंधी मैत्रिणीकडून ती स्पायडर प्लांटची थोडी पिल्लं घेऊन आली. गवतासारखी लांब पानं, कडा हिरव्या आणि मधोमध पांढरा पट्टा. तांदळाच्या धुवणावर ती तगली आणि पिल्लांना पिल्लं फुटत सगळी जागा भरून गेली. त्यात मधूनच एखादं बिनपट्ट्याचं, निव्वळ हिरवं पिल्लू निघायचं. आई ते लगेच उपटायची. का, ते आम्ही विचारलं नाही.

त्याच सुमारास तिला काचबिंदू निघाला. नाव सुनेत्रा आणि नशीब हे असं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. रोज न चुकता थेंब घातले तर उरलेली टिकेल. ते थेंब भयंकर झोंबायचे. औषधाचा तिला मुळातच तिटकारा, आणि डोळ्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पण रोज सकाळी ती खिडकीशी उभी राहायची, "दिसतायत गं झाडं," म्हणायची आणि मुकाट आपल्या हातानेच थेंब घालायची. झाडं दिसतायत तोवर थेंब, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

गेल्या वर्षी ती मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला अंबरनाथला माझ्याकडे आणलं. बाबा म्हणाले, "मी इथेच राहतो. झाडांना पाणी कोण घालणार?" ज्यांनी कधी स्वतःचं ताट उचललं नाही ते बाबा! दर रविवारी ते यायचे आणि आईच्या पलंगाशी बसून रिपोर्ट द्यायचे. "अगं, एकदम टॉप आलीयत झाडं. बघशील तेव्हा खूश होशील." मग दिवसभर आईच्या चेहऱ्यावर तरतरी असायची. माझ्या खिडकीतून दिसण्यासारखं काही नव्हतं. नुसतं पार्किंग. तरी तिने थेंब चुकवले नाहीत. "घरी जाऊन माझी झाडं बघायचीत," म्हणायची.

दिवाळीच्या तोंडावर मी तिला घरी सोडायला गेले. बाबांनी खिडकीची काच पुसून ठेवली होती. आईचा हात धरून तिला खिडकीशी नेलं आणि म्हणाले, "बघ."

बाहेर दाट, हिरवंगार रान माजलं होतं. काहीतरी वेगळं आहे एवढं मला वाटलं, पण काय ते कळेना. आई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच खुर्चीत बसली.

"गेली," ती म्हणाली.

"काय गेली?" बाबांनी विचारलं.

"नजर. आता तिथे काळोख आहे नुसता."

"असं कसं? समोर तर झाडं आहेत!"

"अहो, मला झाडं कुठे दिसत होती? घरात मी सवयीनेच वावरते. त्या अंधारात पांढरे पट्टे तेवढे दिसायचे. आता एकही दिसत नाही."

बाबांचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. ते म्हणाले, "अगं, नजर नाही गेली. पट्टेच नाहीत. मीच काढले. आधी कधी नीट बघितलीच नव्हती, मला वाटलं, पानं पांढरी पडलीयत, काहीतरी रोग आहे. तशी सगळी रोपं मुळासकट उपटली आणि धडधाकट हिरवी ठेवली. म्हटलं, चांगली दाट झाली की तुला नीट दिसतील. चुकलं माझं."

आईने चाचपडत त्यांचा हात धरला. "इतकी वर्षं संसार केला, कधी चुकलं म्हणाला नाहीत. आणि आज माझ्यासाठी नसलेली चूक अंगावर घेताय?"

"अगं, खरंच सांगतोय!"

"दर रविवारी सांगत होता, झाडं टॉप आलीयत. हातानं उपटली असती तर असं बोलला असता का? राहू दे. मला कळतं."

मी मध्ये पडले. "आई, बाबा खरं बोलतायत. माझी ओढणी कुठल्या रंगाची आहे सांग बघू."

"पांढरी."

"बघ! दिसतं तुला!"

"तुझी ओढणी नेहमीच पांढरी असते, ओवी," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बाबा नर्सऱ्या पालथ्या घालून पट्ट्यांच्या झाडाची कुंडी घेऊन आले आणि तिच्या पुढ्यात धरली. आईने पानांवरून हात फिरवला. "दिसले हं पट्टे," ती म्हणाली. बाबा लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, सुटलो. बाबांनी हिरवं रान खणून काढलं आणि नवी पट्टेरी रोपं लावली. रोज सकाळी आई खिडकीशी उभी राहून "दिसतायत" म्हणायची. थेंबांच्या बाटल्या वेळच्या वेळी संपत होत्या. आम्ही निर्धास्त होतो, आणि आज त्या निर्धास्तपणाची मला चीड येते.

उन्हाळ्यात बाबांनी आणि मी तिला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला. "थेंब बंद केलेत का?" त्यांनी विचारलं. आईने मान खाली घातली. दिवाळीपासून तिने एक थेंब डोळ्यांत घातला नव्हता. रोज ते पदरावर पाडून टाकायची. "जे गेलंय त्यासाठी कशाला झोंबवून घ्यायचं?" ती म्हणाली. "पण यांना वाईट वाटू नये म्हणून बाटली संपवत होते."

"मग ती कुंडी? ते पट्टे दिसले म्हणालीस ना?" मी विचारलं.

"मी नीट बघितलंच नाही गं. भीती वाटली. ते माझ्यासाठी खोटं बोलले, म्हणून मीही त्यांच्यासाठी बोलले."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. ती तिला दिसली नाही. दिवाळीत नजर होती. बाबांनी पट्टे उपटले तेव्हाही होती. मी ओढणीचा रंग विचारला तेव्हाही होती. हे आता फक्त बाबांना आणि मला माहीत आहे, कारण तिला ते काही केल्या पटत नाही.

खिडकीखाली आता पांढरे पट्टे असे दाट माजलेत की काळोखातही दिसावेत. शेजारणी आल्या की आई कौतुकाने सांगते, "आमचे हे कडक आहेत, असं सगळे म्हणतात. पण माझी नजर गेली तेव्हा मला बरं वाटावं म्हणून चक्क खोटं बोलले हो!" शेजारणी गहिवरतात. बाबा उठून मागे जातात आणि रोपांत एखादं हिरवं पिल्लू आलंय का, ते शोधत बसतात.