कोराडीचा पत्र्याचा रोबोट

मी एक जुना कुलर आहे. पण आता मला कुणी कुलर म्हणत नाही. पोटात पंखा नाही, पंप नाही, आणि अंगाला चंदेरी रंग आहे. मित्रांनो, हे कसं झालं ते सांगतो. मात्र माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नागपुरातल्या एका पत्रेवाल्याने मला घडवलं. कोराडीच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या प्रेमानंदांनी मला आपल्या क्वार्टरच्या खिडकीला बसवलं. अठरा उन्हाळे मी त्यांना गार वारा दिला. त्या वाऱ्यात बसून ते दर रविवारी परग्रहांचे, रोबोटांचे सिनेमे पाहायचे. एकच सिनेमा वीस-वीस वेळा! त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणायच्या, "पुन्हा तेच यान? मागच्या रविवारीच त पडलं होतं!"

मग ते निवृत्त झाले, नव्या घरात एसी आला आणि मी गच्चीवर गेलो. भंगारवाल्याची हाक ऐकली की माझा पत्रा थरथरायचा.

एके दिवशी शेजारची दीक्षा आली. असल्या सिनेमांच्या वेड्या चाहत्यांवर ती मित्रमैत्रिणींबरोबर एक विनोदी सिनेमा काढत होती. तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. ती नजर मला मुळीच आवडली नाही. त्यांनी माझा पंखा काढला, हातांसाठी भोकं पाडली, रंग दिला. झालो मी रोबोट! चाहत्याच्या भूमिकेत माझ्या आत उभे राहिले प्रेमानंद. सिनेमात ते टेकडीवर परग्रहावरच्या पाहुण्यांची वाट पाहत आणि आभाळाकडे तांब्या धरून म्हणत, "या, दमले असाल. पाणी घ्या."

कॅमेऱ्यामागची सगळी मंडळी हसली. कौसल्याबाईंनी ते पाहिलं.

"अहो, ते पोरगी तुमची टिंगल करून राहिली," त्या घरी म्हणाल्या.

मलाही तेच वाटत होतं. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी प्रेमानंद माझ्या आत शिरले, पण जागचे हलेनात.

"दीक्षा, खरं सांग. लोकायनं माह्यावर हसावं म्हणून मले उभं केलं काय?"

दीक्षाने आधी कॅमेरा बंद केला. उत्तराला वेळ लागला की मला संशय येतो.

"हसतील, काका," ती म्हणाली. "मी पण हसली. पण घरी जाऊन पाहिलं त मले रडू आलं. तुम्ही म्हणाल त तो शॉट आत्ता काढून टाकते."

मे महिन्याच्या उन्हात माझा पत्रा तापला होता. आत त्यांचा घाम टपटपत होता.

"राहू दे," ते अखेर म्हणाले.

तरी आमचा संशय गेला नव्हता. वसाहतीच्या सभागृहात सिनेमा दाखवला, तेव्हा मला पडद्याशेजारी ठेवलं होतं. पाण्याच्या तांब्यावर लोक खो खो हसले. प्रेमानंदांनी मान खाली घातली. पण सिनेमाच्या शेवटी आभाळातून कुणीच आलं नाही. रोबोटने ते पाणी एका झाडाला घातलं आणि तो एकटा टेकडी उतरला. सभागृह चिडीचूप झालं.

त्या शांततेत कौसल्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काहून नाही आले ते? एवढं पाणी घेऊन उभा होता ना माणूस!"

सगळ्यांत आधी हसले ते प्रेमानंद. डोळे पुसत हसले.

आता मी त्यांच्या व्हरांड्यात असतो. येणारा-जाणारा गंमत म्हणून मला ठोसा मारतो. दोन पोचे पडलेत. प्रेमानंद अजूनही कधीकधी माझ्या आत उभे राहतात. तेव्हा मित्रांनो, एक विनंती आहे. पत्रा वाजवण्याआधी आत कुणी आहे का, एवढं विचारत जा.