मधाच्या रंगाचं ऑइल

उस्तादांनी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत बुडवली आणि बाहेर काढून उन्हात धरली. मग चष्मा कपाळावर सरकवून परत पाहिली.

"हे ऑइल खोटं बोलतंय," ते म्हणाले.

"आता ऑइलसुद्धा?" पायरीवर मटार सोलत बसलेली बायको म्हणाली. "काल दूधवाला खोटा होता, परवा भिंतीवरचं घड्याळ. या घरात खरे तेवढे तुम्हीच."

"अगं, बघ तरी. मधासारखं आहे. गाडी रोज कारखान्यापर्यंत जाते, येते. एव्हाना काजळासारखं व्हायला हवं होतं."

उस्तादांनी आयुष्यभर शहरातली बस चालवली होती. निम्म्या गल्लीला गाडी शिकवली होती, म्हणून हे नाव. निवृत्त झाल्यावर आपली जुनी गाडी त्यांनी लेकीला दिली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला होती. गाडी तिची, पण देखभाल त्यांची. "गाडीचं वय वर्षांत मोजू नये, चाललेल्या वाटेत मोजावं," असं ते शिकायला येणाऱ्यांना सांगत. पाच हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायचं. आधी नाही, नंतर नाही. पुढचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ते समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवत.

मीटर त्या आकड्याच्या जवळपासही पोचला नव्हता.

आधी त्यांना मीटरच्या केबलचा संशय आला. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आले. मीटर शहाण्यासारखा फिरत होता. मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा आला.

"त्यानेच मीटर मागे फिरवला असणार."

"कशासाठी?" बायकोने विचारलं.

"ते नंतर बघू."

"म्हणजे चोर आधी ठरवायचा, चोरी मागून शोधायची," बायको म्हणाली आणि मटार घेऊन आत गेली.

उरली लेक. तिचा विचार मनात आला तसा त्यांनी तो झटकला, पण मळलेल्या हातांच्या डागासारखा तो काही निघेना. संध्याकाळी ती घरी आली, किल्ली खुंटीला लावली, तेव्हा ते पेपर वाचत असल्यासारखे बसले होते.

"तुझ्या कारखान्याच्या वाटेवर, बाहेरच्या रस्त्यावरचा सिग्नल बंद पडलाय म्हणे," ते सहज म्हणाले.

"हो ना, बाबा. वैताग आहे नुसता."

सिग्नल बंद पडला नव्हता. तो त्यांनी बोलण्यापुरता बंद पाडला होता.

जेवणानंतर लेक झोपायला गेल्यावर त्यांनी हे बायकोच्या कानावर घातलं. ती हळूच म्हणाली, "असेल कुणीतरी. त्याच्या गाडीतून जात असेल. तिशीला आलीय पोरगी. सरळ विचारा की."

"विचारलं तर जे सांगेल ते खरं कशावरून?"

बायको त्यांच्याकडे वळली. "लेकीबद्दल बोलताय, अहो. दूधवाल्याबद्दल नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढीचं निमित्त करून लवकर निघाले आणि चौकातल्या न्हाव्याच्या दुकानापाशी थांबले. गाडी आली, बाहेरच्या रस्त्याकडे न वळता डावीकडे वळली आणि लाकडाच्या वखारीमागे जाऊन उभी राहिली. मागोमाग चालत जाऊन उस्ताद रचलेल्या फळ्यांच्या आड उभे राहिले. आता कुणाची तरी मोठी गाडी येईल, दार उघडेल, लेक हसत आत बसेल. त्या माणसाला काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं.

कुणी आलं नाही.

इंजिन बंद झालं तरी लेक बसून होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, अगदी त्यांनी शिकवले तसे. समोरून एक कुत्रं निवांत रस्ता ओलांडून गेलं. बंद गाडीत लेकीचा पाय जोरात ब्रेकवर गेला. मागचे लाल दिवे लागले आणि कुत्रं दिसेनासं झालं तरी लागलेलेच राहिले. मग ती उतरली, तळहात रुमालाला पुसले, दार लागलं की नाही ते दोनदा पाहिलं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली. बाजारातून जाणारी बस आली. या मार्गावर उस्तादांनी कितीतरी वर्षं काढली होती. लेक ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभी राहिली.

उस्ताद फळ्यांवर बसले.

मागचं ऑइल बदललं त्याच आठवड्यात, शाळेच्या सुट्टीत, चेंडूमागे धावत एक पोर तिच्या गाडीसमोर आलं होतं. ब्रेक वेळेवर लागला, पोराला ओरखडाही आला नाही. घरी येऊन सांगताना लेकीच्या हातातला पेला थरथरत होता. "लागलं नाही ना कुणाला? मग विषय संपला," ते म्हणाले होते. आणि पुढचे आठ दिवस गल्लीभर सांगत फिरले होते, "ब्रेक कसा लागला बघा. शेवटी लेक कुणाची?"

दाढी न करताच ते घरी आले. बायकोने विचारलं, "कोण आहे तो?"

"कुणी नाही. माझंच चुकलं."

एवढं ऐकून तिने मटारची भाजी गॅसवरून उतरवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी त्यांनी गाडी जॅकवर घेतली. "ये गं, ऑइलखाली लोखंडी पाटी धर," अशी हाक मारली. लहानपणी ती अशीच पाटी धरून शेजारी बसे आणि ऑइलचा रंग बघून गाडी किती चालली ते ओळखे. तो त्यांचा खेळ होता.

नट सुटला. ऑइलची धार पाटीत पडली. पिवळी, स्वच्छ, उन्हात चमकणारी. लेक त्या धारेकडे बघत राहिली. पाटी किंचित हलली.

"बाबा, हे तर..."

"सरळ धर. सांडेल."

खिडकीतून बायकोने विचारलं, "भरले का हो किलोमीटर?"

"भरले," उस्ताद म्हणाले.

लेकीने पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. धार बारीक झाली, मग थेंब झाले. नवं ऑइल ओतून झाल्यावर त्यांनी काचेवरची जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. लेकीने नवी चिठ्ठी आणि पेन हातात घेतलं.

"आकडा काय लिहू?"

उस्तादांनी तिच्या हातातून चिठ्ठी घेतली, मागचा कागद सोलला आणि कोरीच कोपऱ्यात चिकटवली. अंगठ्याने तिच्या चारही कडा दाबल्या. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडून, शिकवताना बसत त्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावला.

"वखारीपर्यंत जाऊन येऊ," ते म्हणाले. "हळू."