कापसाचे दोन बोळे

"ऐकतोय! पोरगा ऐकतोय!"

शाळेच्या पटांगणात एकच गलका उठला. कानाशी ओरडल्याशिवाय ओ न देणारा सुताराचा मुलगा मंचावर उभा राहून घंटेच्या आवाजाकडे मान वळवत होता. त्याच्या कानांवरून नुकतेच हात फिरवलेले मिशनचे पाळक मुठी आभाळाकडे नेऊन गरजत होते, "उघडली! कानांची कवाडं उघडली!" माइक हातात आला की पाळकांना कवाडांशिवाय दुसरं काही उघडायला सापडतच नसे.

मागे औषधांच्या टेबलापाशी पथकातली नर्स मान खाली घालून उभी होती. त्या मुठींत काय आहे, ते तिला ठाऊक होतं. खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी पथक परदेशातून आलं होतं आणि हे चौथं गाव. पहिल्याच गावात तिने हटकलं, तेव्हा पाळक म्हणाले होते, "सिस्टर, चमत्कार दिसला की गर्दी जमते, गर्दी जमली की पोरांना लस मिळते. शेवटी भलंच होतंय ना?" तिला पटलं नव्हतं, तरी ती गप्प बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावा, तर तोंड तिचं तिनेच दाबलं होतं.

एवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे घुसली. कडेवर चार वर्षांची मुलगी, जन्मापासून बहिरी. बाईने पोरीच्या कानातलं यंत्र काढून मंचावर ठेवलं.

"आता हे कशाला? उद्या बहिऱ्यांच्या शाळेतूनही नाव काढते. साहेब, हात ठेवा!"

या वयात कानावर शब्द पडले नाहीत, तर पोर कायमची मुकी राहील. नर्स धावत मंचावर चढली.

"सिस्टर, आत्ता नको," पाळक पुटपुटले.

"आत्ताच. मुठी उघडा."

पाळकांच्या मुठी आणखी आवळल्या. नर्स सुताराच्या मुलाकडे वळली. "बाळा, तुला नीट ऐकू कधी आलं?"

"सकाळीच की! तुम्ही पिचकारीने कान धुतलेत, तेव्हा भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मग तुम्ही मलम लावून कापूस कोंबलात. म्हणालात, साहेब काढतील तोवर हात लावायचा नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुतार पुढे आला आणि त्याने पाळकांची बोटं एकेक करून उलगडली. दोन्ही तळहातांवर एकेक तेलकट बोळा.

"याच्या कानांत मळ दगडासारखा बसला होता," नर्स म्हणाली. "तीन दिवस तेल घालून तो मऊ केला, आज धुऊन काढला. एवढंच. या मुलीच्या कानांत मळ नाही, आतली नसच अधू आहे. ती हात फिरवून बरी होत नाही. यंत्र आणि शाळा, हेच तिचं औषध. प्रार्थना मीही रोज करते. तुम्हीही करा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी एवढं विचारा, सकाळी काय केलं होतंत?"

बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. "कापूस तुम्हीच घातलात ना?"

"हो."

"मग या साहेबांपेक्षा तुम्हीच मला जास्त फसवलंत. त्यांच्यावर माझा विश्वास आज बसला होता. तुमच्यावर पहिल्या दिवसापासून होता."

नर्सने यंत्र पुसून बाईच्या हातात दिलं. बाईने ते पोरीच्या कानात बसवून हाक मारली आणि पोरीने आईकडे मान वळवली.

नर्स टेबलापाशी परतली. तिच्या पेटीच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं असंच एक छोटं यंत्र होतं. दुसऱ्या गावात एक आई ते मंचावर ठेवून, मुलाचा हात धरून हसत घरी गेली होती. नर्सने ते बघितलं होतं आणि यंत्र उचलून आत टाकलं होतं.

तिने यंत्र खिशात घातलं आणि सुताराला विचारलं, "दादा, मागच्या गावांकडे जायला गाडी कुठून मिळेल?"