फुंकणीची वही

"थांब, अजून एकदा. पोटातून फुंक, नुसते गाल नको फुगवूस."

भिंगरीने प्लॅस्टिकची नळी पुन्हा तोंडात धरली, डोळे गच्च मिटले आणि फुंकलं. नळीवरचा लाल काटा जरासा पुढे सरकला आणि थांबला. एकशे नव्वद. तीनदा फुंकायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, म्हणजे पोरीचा दमा कसा आहे ते कळतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दहा वर्षांच्या पोरीचा आकडा तीनशेच्या आसपास हवा, हेही सांगितलं होतं. आईने पेन्सिल उचलली, आदल्या पानावर नजर टाकली आणि लिहिलं, दोनशे साठ.

"आई, एकशे नव्वद होतं ना?"

"तू नीट फुंकलं नाहीस म्हणून. नीट फुंकलं असतंस तर एवढं आलंच असतं. चल, वेणी घालते, शाळेला उशीर होतोय."

आदल्या पानावर धाकटीचं अक्षर होतं. धाकटी म्हणजे आईची सख्खी बहीण, टेकडीच्या पलीकडे राहणारी. शनिवार-रविवार भिंगरी मावशीकडे जायची. वही सोबत जायची आणि ती नळीही. घरात सगळे तिला फुंकणीच म्हणायचे. सोमवारी परत आल्यावर वहीत धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात दोनशे सत्तर, दोनशे ऐंशी असे आकडे ऐटीत बसलेले असायचे. त्यांच्याखाली आपल्या घरचे एकशे नव्वद लिहायचे म्हणजे भर चौकात आपली फाटकी चादर वाळत घालण्यासारखं होतं. पहिला आठवडा आईने खरे आकडे लिहिले. दुसऱ्या आठवड्यात हात आपोआप पुढे सरकला.

नुसत्या ऐटीचा प्रश्न असता तर एक वेळ ठीक होतं. पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "महिनाभर वही लिहा. तुमच्या घरचे आकडे असेच पडलेले राहिले तर पोरीला तिथून हलवावंच लागेल." आणि सोबत आलेल्या धाकटीने ते ऐकताच मान पुढे करून म्हटलं होतं, "माझ्याकडे राहू दे ना ताई. शाळा संपेपर्यंत. मला काही जड नाही." जड कशाला होईल? स्वतःचं मूल नाही, तीन खोल्या, खिडकीबाहेर झाडं, शाळेच्या कचेरीत बसून करायची नोकरी. ताईच्या घरात मात्र दोन खोल्या, आणि मागची भिंत म्हणजे रंगाच्या कारखान्याची भिंत. भिंगरीचा बाप तिथेच बॉयलरवर होता. खोली कारखान्याची होती, नोकरी सोडली की खोलीही सोडायची.

भिंगरीची आई, ही बाई, घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. हवेतलं तिला डॉक्टरांच्या आधी कळायचं. बाहेर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत कॉलरपाशी पिवळा पडतो, हे कळल्यापासून सगळ्या दोऱ्या तिने घरात घेतल्या होत्या. दारं-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून लोकांचे सदरे तिने त्या हवेपासून जपले. पोरीला मात्र घडी घालून कपाटात ठेवता येत नव्हतं.

आणि धाकटीचं नशीबच तसलं. लहानपणी ताईचा प्रत्येक फ्रॉक टीप घालून धाकटीला मिळायचा. ताईची दप्तरं, ताईच्या चपला, ताईची सायकल. "तुला लहान होतंय ना, दे तिला," असं म्हणून दोघींची आई काढून घ्यायची. मोठीने कधी कुरकुर केली नाही. पण आता पोरगीही द्यायची? पोरगी काय लहान झाली होती तिला? इस्त्री फिरवता फिरवता हा विचार आला की एखाद्या बिचाऱ्याच्या पँटला भलतीच कडक धार यायची.

महिना भरला. डॉक्टरीणबाईंनी वहीची पानं उलटली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! तुमच्याकडेही सुधारलंय की. मग पाठवायची घाई नको. सकाळचा पंप आता बंद करून बघू." मग भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "काय गं, एवढं फुंकतेस तू?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

आईने तिथेच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. उलट घरी येऊन आधी धाकटीला फोन लावला. "आमच्याकडेही दोनशे सत्तर येतं म्हटलं!" धाकटीला नक्की झोंबणार, अशी तिची खात्री होती. पण पलीकडून धाकटी एवढंच म्हणाली, "बरं झालं गं ताई. मला फार काळजी लागली होती." आवाजात खरंच आनंद होता. मोठीचा तीळपापड झाला. हरायचंसुद्धा हिला किती छान जमतं!

पंप बंद केल्याच्या नवव्या दिवशी वारा पडला. कारखान्यातला आंबट, नाकात चरचरणारा वास दुपारपासून गल्लीत बसून राहिला. भिंगरी शाळेतून आली ती दप्तर न काढता उंबऱ्यातच बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर आलेले, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. "आई" एवढंही तिला पुरं म्हणता येईना. बाईने इस्त्रीचं बटण बंद केलं, पोरीला उचललं आणि अनवाणीच दवाखाना गाठला.

वाफेचा मुखवटा लावल्यावर अर्ध्या तासाने पोरीचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. डॉक्टरीणबाई वही हातात घेऊन उभ्या होत्या. "मला समजतच नाही. आकडे इतके चांगले असताना असं कसं झालं?"

भिंगरीने मुखवटा बाजूला केला. "मी... नीट फुंकलं नाही... म्हणून."

आईने तो मुखवटा परत पोरीच्या तोंडावर बसवला.

"तिचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "वहीतले आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. बहिणीच्या घरी जास्त आणि माझ्या घरी कमी, हे मला बघवत नव्हतं. पोरगी तिच्याकडे जाईल म्हणून लिहिले."

डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून ती मान खाली घालून थांबली. त्यांनी वहीची पानं पुन्हा उलटली. मग विचारलं, "खरे आकडे आठवतात?"

"एकूण एक."

त्यांनी खोडरबर आणि पेन्सिल पुढे केली. पोरीच्या खाटेवर वही ठेवून तिने एकेक ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. एकशे सत्तर. लिहून झाल्यावर तिने स्वतःच फोन लावला. "ये आणि घेऊन जा तिला," ती धाकटीला म्हणाली. मग फोन ठेवला.

त्याला आता दोन महिने झाले. दर रविवारी बाई टेकडी चढून जाते. हातात भिंगरीच्या शाळेच्या गणवेशाचे पाच जोड असतात, इस्त्री केलेले. तेवढं काम तिने धाकटीला करू दिलेलं नाही. पहिल्या रविवारी पोरीने धावत येऊन मिठी मारली आणि तिथेच खोकत सुटली. बाईच्या कपड्यांत, केसांत कारखाना होता. तेव्हापासून ती मागच्या दाराने न्हाणीघरात जाते, अंगभर साबण लावते, केस धुते आणि धाकटीचा खुंटीवर अडकवलेला धुतलेला झगा घालते. लहानपणापासून पहिल्यांदाच धाकटीचं काही तिच्या अंगावर आलं होतं. खांद्यांत जरा घट्ट होतं.

या रविवारी भिंगरी तिच्या कुशीत शिरली आणि नाक खुपसून म्हणाली, "आई, तुला मावशीचा वास येतो."

बाई पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. धाकटीनेही ते ऐकलं होतं. ती उगाचच चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी भिंगरीने फुंकणी काढली. काटा सरकत सरकत तीनशेवर गेला. धाकटीने वही उघडून पेन्सिल पुढे केली. "तू लिही, ताई." बाईने तीनशे लिहिलं. तिच्या हाताने लिहिलेला हा पहिलाच खरा तीनशे होता आणि तो दुसऱ्याच्या घरचा होता.

"आता तू फुंक," भिंगरी म्हणाली.

"मला कशाला?"

"फुंक ना! पोटातून."

बाईने फुंकलं. तीनदा फुंकलं. शेवटी खोकला आला. काटा दोनशे दहाच्या पुढे जाईना. भिंगरीने काट्याकडे पाहिलं, मग वही गुडघ्यावर घेतली आणि हाताचा आडोसा करून लिहिलं. बाईने तो हात हळूच बाजूला केला. पानावर लिहिलं होतं, आई, तीनशे वीस.

"खोड ते."

"राहू दे ना, आई."

"खोड. माझा आकडा आहे. खरा लिही."

भिंगरीने खोडलं. कागद जरा चुरगळला. तिने दोनशे दहा लिहिलं आणि वही मिटली.

बाईने न्हाणीघरात जाऊन स्वतःचे कपडे चढवले. झग्याची तिने घडी घातली, बाह्या मागे, कॉलर वर, गिऱ्हाईकाला देतात तशी, आणि तळव्याने दाबून खुर्चीवर ठेवली. मागच्या दाराने ती अंगणात उतरली. भिंगरी पायरीवर आली, धावत निघणार तोच आईने हात वर केला.

"तिथूनच," ती म्हणाली.

पोरगी पायरीवर थांबली आणि तिथूनच हात हलवत राहिली. आईने फाटक ओढून घेतलं आणि उतार उतरायला लागली.