बिघडलेल्या काचेचं माप

रोस्विथा क्लुगे निवृत्त झाली, त्या दिवशी कारखान्याच्या प्रमुखानं, डॉ. हाल्बाखनं, तिला फुलं दिली आणि तिच्या एकेचाळीस वर्षांच्या आराखड्यांच्या वह्यांना सर्वांदेखत 'रद्दी' म्हटलं. जर्मनीतल्या येनाच्या त्या कारखान्यात भिंगांचे आराखडे आता यंत्र स्वतः शिकून काढणार होतं.

वर्षभरानं मासिकात यंत्राचा पहिला आराखडा छापून आला. भिंग अनेक काचांचं, त्यातल्या तिसऱ्या बाजूची गोलाई ३८.२६ मिलिमीटर. ते वाचून रोस्विथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यानं तिची रद्दीच यंत्राला वाचायला घातली होती!

भिंग तपासताना त्यावर नमुन्याची काच ठेवतात. माप चुकलं तर रंगीत वर्तुळं उमटतात. कारखान्यात अशा काचा मोजक्याच, म्हणून आराखडा काचांच्या मापांत बसवायचा. शिकाऊ असताना रोस्विथानं ३८.२० ची काच घासताना बिघडवली, ती ३८.२६ झाली. काच मुद्दामच तशी केलीय असं वाटावं, चूक लपावी, म्हणून पुढे आराखडे काढू लागल्यावर तिनं प्रत्येक भिंगात ते माप कुठेतरी घुसवलं. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, आणि निवृत्त होताना ती काच गुपचूप घरी आणली होती. आता ती यंत्राचं भिंग लोकांना दाखवायच्या सोहळ्याची वाट पाहू लागली.

सोहळ्यात नव्या भिंगाचे भाग टेबलावर सुटे मांडले होते. विकत घ्यायला आलेल्या वेधशाळेच्या बाई पुढेच बसल्या होत्या.

"माणसाची एक रेघही यंत्राला दाखवलेली नाही," हाल्बाख म्हणाला. "सगळं शून्यातून शिकलंय."

रोस्विथा उठली. "डॉक्टरसाहेब, तिसरी बाजू ३८.२६ च का हो?"

"यंत्राला तेच उत्तम वाटलं. तुम्हाला आता हे समजायला जरा जड जाईल, फ्राऊ क्लुगे."

लोक हसले. तिनं हसू दिलं, मजाच वाटली तिला. मग पर्समधल्या रुमालातून काच काढून तिनं त्या बाजूवर अलगद ठेवली.

"या बाई, तुम्हीच बघा."

वेधशाळेच्या बाई वाकल्या. एकही वर्तुळ नव्हतं.

"ही काच माझ्या हातून बिघडली. कडेला नाव कोरलंय, साल एकोणऐंशी. या मापाची दुसरी कारखान्यात कधी नव्हती." ती हाल्बाखकडे वळली. "माझी चूक यंत्राला शून्यातून सुचली होय?"

वेधशाळेच्या बाईंनी खरेदीचे कागद मिटून पिशवीत टाकले. हाल्बाखचा चेहरा पांढराफटक पडला. तो रोस्विथाच्या कानाशी पुटपुटला, "काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही हो," ती मोठ्यानं म्हणाली. "माझी रद्दी न्यायला आलेय."